लहान कारखान्यात पात्रता नसलेल्या उमेदवारांना कसे हाताळावे

भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगाव अशा एखाद्या औद्योगिक वसाहतीत दहा-पंधरा कामगारांचे वर्कशॉप चालवणाऱ्या मालकाला हा अनुभव नवा नाही. गेटवर ‘सीएनसी ऑपरेटर पाहिजेत’ (म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरचे कामगार पाहिजेत) अशी पाटी लागली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणसांची रीघ लागते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते मशीन जवळून पाहिलेलेही नसते. कला शाखेचा पदवीधर येतो, दहावीत राहिलेला मुलगा येतो, हॉटेलातल्या कामाला कंटाळलेला माणूस येतो, आणि आपल्या भावाला ‘काहीही काम द्या’ म्हणणारी शेजारच्या युनिटमधली कामगार बाईही येते. मोठ्या कंपनीत हे सगळे पाहायला स्वतंत्र माणसे असतात. लहान धंद्यात मात्र मालकच एका हाताने जीएसटीचे विवरणपत्र भरत असतो आणि दुसऱ्या हाताने ग्राहकाचा फोन घेत असतो. मग समोरच्याला वाटेला लावण्यासाठी तो म्हणतो, ‘बघू, कळवतो.’

सर्वांत जास्त नुकसान होते ते या उत्तराने. लातूर, बीड किंवा हिंगोलीहून येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला रोजचा खर्च चुकत नाही. ‘कळवतो’ ऐकून तो चार ठिकाणी विचारायचे थांबवतो, आठवड्याने पुन्हा चक्कर मारतो आणि पुन्हा तेच उत्तर घेऊन परततो. मालकाचाही वेळ जातो आणि वसाहतीत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. पात्रता नसलेल्या उमेदवारालाही त्याच दिवशी, कारणासह, स्पष्ट उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते देता यावे अशी व्यवस्था मालकाने आधीच करून ठेवली पाहिजे. पुढे सांगितलेली पद्धत त्यासाठीच आहे. उदाहरणे वर्कशॉपची असली तरी छापखाना, बेकरी किंवा गॅरेज चालवणाऱ्यालाही ती थोड्या फरकाने वापरता येईल.

काम आधी कागदावर उतरवावे

उमेदवार अपात्र आहे असे म्हणण्यापूर्वी पात्रता कशाला म्हणायची हे मालकाला ठाऊक हवे. अनेकदा गोंधळ तिथेच असतो. सीएनसी ऑपरेटर म्हणजे जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) लावणे, सायकल (मशीनचे ठरलेले एक आवर्तन) चालू करणे, जॉब काढून गेजने (माप तपासायच्या साधनाने) तपासणे एवढेच काम करणारा माणूस हवा आहे, की टूल बदलून ऑफसेट (मापातली दुरुस्ती) देणारा, ड्रॉइंग वाचून नवीन सेटिंग लावणारा सेटर हवा आहे? या दोघांच्या पगारात आणि अनुभवात मोठे अंतर आहे, तरीही पाटीवर दोघांसाठी एकच शब्द लिहिलेला असतो. त्यामुळे एका पानावर काम लिहून काढावे. पहिल्या दिवशी माणसाला स्वतःहून काय करता आलेच पाहिजे, महिनाभरात सोबत उभे राहून काय शिकवता येईल, आणि काय शिकवण्याची आपली ताकद किंवा सवड नाही, हे त्यात वेगवेगळे नोंदवावे. यातला पहिला भाग हीच खरी पात्रता होय. दुसरा भाग पात्रतेत घातला तर शिकू शकणारी चांगली माणसे दारातूनच परत जातात.

शिक्षणाची अट कामाशी जोडलेली असेल तरच घालावी. आठ वर्षे लेथ (जॉब फिरवून कातणारे यंत्र) चालवलेला आठवी पास माणूस ‘किमान बारावी’ या अटीमुळे नाकारला जावा, यात धंद्याचे काहीच हित नाही. उलट काही कामांत कागद महत्त्वाचा असतो. विजेच्या जोडणीचे काम करणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा, आणि मालवाहू गाडी चालवणाऱ्याकडे त्या वर्गाच्या वाहनाचे लायसन्स हवे. तेथे ‘काम येते, कागद नाही’ हे चालवून घेता कामा नये.

हे ठरले की पाटी बदलावी. समजा लेथ चालवणारा, म्हणजे टर्नर, हवा आहे. ‘टर्नर पाहिजे. आयटीआय टर्नर किंवा लेथवर दोन वर्षे काम केलेले. मायक्रोमीटर वाचता येणे आवश्यक. वय १८ पूर्ण. नवशिक्यांसाठी सध्या जागा नाही. भेट मंगळवार व शुक्रवार, दुपारी ४ ते ५,’ अशी पाटी लावली आणि खाली पगाराची मर्यादा लिहिली, तर निम्मी गर्दी अपमान न होता आपोआप कमी होते, कारण माणूस पाटी वाचूनच स्वतःचा निर्णय घेतो. पगार लिहायला बरेच मालक कचरतात. पण पगाराचा आकडा शेवटी सांगून नकार ऐकण्यात दोघांचाही तास जातो.

गेटवरच्या वॉचमनला या कामात सहभागी करून घ्यावे, कारण उमेदवाराला भेटणारा आपल्या धंद्यातला पहिला माणूस तोच असतो. ‘साहेब नाहीत’ असे खोटे सांगण्याऐवजी त्याने भेटीची वेळ सांगावी, नाव, फोन नंबर आणि कोणते काम येते एवढे वहीत लिहून घ्यावे, आणि लांबून आलेल्याला पाणी विचारावे. यासाठी पैसा लागत नाही, फक्त मालकाने एकदा नीट समजावून सांगावे लागते.

पंधरा मिनिटांत पारख

बोलण्यावरून माणूस ओळखता येतो असे समजणाऱ्यांची फसगत होते. ज्याला चांगले बोलता येते त्याला काम येतेच असे नाही, आणि दोन वाक्यांत अडखळणारा मुलगा मशीनपुढे उभा राहिला की वेगळाच दिसतो. त्यामुळे प्रश्न कमी विचारावेत आणि टेबलावर एक छोटी परीक्षा ठेवावी.

टर्नरसाठी ही परीक्षा अशी घेता येईल. २५ मिलिमीटरच्या आसपास व्यास असलेला, टर्निंग करून ठेवलेला एक जॉब, ० ते २५ आणि २५ ते ५० असे दोन मायक्रोमीटर, एक व्हर्नियर (दोन्ही बारीक मापे घेण्याची साधने), एक सुती फडके आणि त्या जॉबचे ड्रॉइंग टेबलावर ठेवावे. ‘तीन ठिकाणी व्यास मोजून लिहा आणि जॉब ड्रॉइंगप्रमाणे आहे का ते सांगा,’ एवढेच सांगावे आणि गप्प राहून पाहावे. ज्याने खरोखर काम केले आहे तो आधी जॉब आणि मायक्रोमीटरची तोंडे पुसतो, झिरो तपासतो, योग्य मापाचा मायक्रोमीटर उचलतो आणि थिंबल (मायक्रोमीटरची फिरती नळी) आवळण्याऐवजी रॅचेट (दाब जास्त होऊ न देणारी टोकाची मूठ) फिरवतो. ज्याने फक्त कोर्स केला आहे तो बहुधा वाचन बरोबर सांगतो, पण झिरो तपासायला विसरतो. ज्याने यातले काहीच केलेले नाही तो व्हर्नियरच उचलतो आणि तिन्ही ठिकाणी एकच आकडा लिहितो. मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटरपर्यंत वाचता येते, व्हर्नियरवर बहुधा ०.०२ पर्यंत, आणि टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती आहे त्यावरून कोणते साधन घ्यायचे हे ज्याला कळते, त्याला पुढचे शिकवणे सोपे जाते.

त्यानंतर बंद लेथपाशी नेऊन एकच विचारावे: ‘मशीन सुरू करण्यापूर्वी काय काय पाहाल?’ चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) चावी चकमध्येच राहिली नाही ना, हे सांगणारा माणूस मशीनपाशी वावरलेला असतो. फिरत्या जॉबजवळ हातमोजे घालू नयेत हे ज्याला माहीत नाही, त्याला एकट्याने लेथवर उभे करणे योग्य नाही, मग प्रमाणपत्र कोणतेही असो.

या परीक्षेसाठी चालू मशीनवर काम करायला लावू नये. ‘ट्रायल’ म्हणून दोन-तीन दिवस फुकट राबवून घेऊन ‘जमत नाही’ म्हणून परत पाठवण्याची रीत काही ठिकाणी आहे, आणि ती सरळ अन्याय करणारी आहे. एक दिवस काम करून घेतले तर त्या दिवसाची मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी. शिवाय त्या दिवशी अपघात झाला तर ‘तो अजून आमचा कामगार नव्हता’ हे म्हणणे टिकत नाही.

कागदपत्रे पाहावीत, पण मूळ प्रती ठेवून घेऊ नयेत. आयटीआयचे राष्ट्रीय प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळता येते, ते पडताळावे. तीन महिन्यांच्या खाजगी कोर्सचे प्रमाणपत्र खोटे असते असे नाही, परंतु तो मुलगा मशीनवर प्रत्यक्ष किती तास होता हे त्यावरून कळत नाही, म्हणून त्याची शहानिशा टेबलावरच करावी. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे बोर्डाचे प्रमाणपत्र पाहावे. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर घेता येत नाही, हे २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्पष्ट आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा घरची अडचण सांगत असेल तर मन कळवळते, पण त्याला पॉवर प्रेसपाशी (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रापाशी) उभे करणे हे उत्तर नव्हे.

अपात्र म्हणजे नेमका कशासाठी

परीक्षेत जमले नाही याचा अर्थ दरवेळी एकच होत नाही. येथे दोन मिनिटे जास्त द्यावीत. टर्नर म्हणून न चालणारा माणूस पॅकिंग, स्टोअर किंवा डिस्पॅचच्या कामाला उत्तम असू शकतो. अशी जागा खरोखर रिकामी असेल तर तिचे काम, पगार आणि पुढे मशीनवर जाण्याची शक्यता आहे की नाही, हे तिथेच सांगावे. ‘आधी हेल्पर म्हणून लागा, मग बघू’ असे सांगून वर्षानुवर्षे हेल्परच ठेवणे हा शब्द मोडणे आहे, आणि अशी मुले एक दिवस न सांगता निघून जातात तेव्हा मालक त्यांनाच दोष देतो.

हाताला वळण आहे पण अनुभव नाही, अशा उमेदवाराला शिकाऊ म्हणून घेण्याचा विचार करावा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला असे उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि ४ ते २९ असतील तर ऐच्छिक आहे. म्हणजे लहान वर्कशॉपलाही हा मार्ग खुला आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली ठरलेल्या विद्यावेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त दरमहा १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. काही ट्रेडमध्ये आयटीआय न केलेल्या मुलालाही आधी मूलभूत प्रशिक्षण देऊन घेता येते. करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि शिकवणारा माणूस नेमून द्यावा लागतो. राज्याच्या २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी या पातळ्यांप्रमाणे दरमहा ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन सरकारकडून देण्याची तरतूद केली गेली. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम पोर्टलवर पाहून घ्यावेत. मात्र शिकवायला आपल्याकडे उस्ताद नसेल किंवा त्याला सवड नसेल, तर केवळ स्वस्त मनुष्यबळ म्हणून शिकाऊ घेऊ नये. त्या मुलाचे उमेदीचे वर्ष वाया जाते.

आणि काहींना देण्यासारखे आपल्याकडे काहीच नसते. त्यांना नाही म्हणायचे असते.

नाही कसे म्हणावे

नकार समोरासमोर, बसवून आणि कामाशी संबंधित कारण सांगून द्यावा. ‘अनुभव कमी पडतो’ हे अर्धवट कारण आहे, कारण ऐकणाऱ्याला त्यातून पुढे काय करायचे हे कळत नाही. त्यापेक्षा असे म्हणावे: ‘तुम्ही वेळेवर आलात, नीट बोललात. पण आम्हाला पहिल्या दिवसापासून ड्रॉइंग वाचून मापे घेणारा माणूस हवा आहे आणि मापे घेण्यात तुमचा सराव अजून कमी आहे. त्यामुळे या जागेसाठी मी तुम्हाला घेऊ शकत नाही. आमच्याकडून फोन येईल म्हणून थांबू नका.’ यातले शेवटचे वाक्य कठोर वाटते, तरी ते वगळू नये. त्याचा दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा रस्ता त्याच वाक्याने मोकळा होतो.

वीस वर्षांच्या मुलालाही यावेळी ‘तुम्ही’ म्हणावे. पन्नाशीच्या माणसाला, मोठी कंपनी बंद पडून काम गेलेल्या काकांना, मुलासमान कामगारांच्या देखत नाही म्हणू नये, केबिनमध्ये बोलावे. गाव, जात, भाषा, राज्य यांतली कोणतीही गोष्ट नकाराचे कारण होऊ शकत नाही. ‘मुलींना आम्ही मशीनवर घेत नाही’ हेही कारण नव्हे. कायद्यानेच मनाई असलेली कामे सोडली तर स्त्री म्हणून भरतीत डावलणे १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून बेकायदा आहे, आणि टेबलावरची परीक्षा पास झालेल्या मुलीला नाकारणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो.

फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्यांनाही उत्तर द्यावे. ‘आपला अर्ज पाहिला. या जागेसाठी लेथवरचा अनुभव आवश्यक असल्याने आम्ही आपली निवड करू शकत नाही. आपण संपर्क केलात याबद्दल आभारी आहोत,’ एवढा मजकूर तयार ठेवला तर अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

ओळखीतून आलेला उमेदवार

लहान धंद्यात खरी कसोटी येथे लागते. नगरसेवकाच्या कार्यालयातून चिठ्ठी येते, मामेभाऊ गावाहून फोन करतो, आणि सर्वांत अवघड म्हणजे ज्याच्या ऑर्डरवर युनिट चालते त्या कंपनीतल्या परचेसच्या साहेबांचा निरोप येतो: ‘आमचा भाचा आहे, कुठेतरी चिकटवून घ्या.’ येथे लगेच हो म्हटले तर बाकीचे कामगार ते पाहतात, आणि अंगात काम असलेल्या माणसाचा पगार वाढवताना ज्याने हात आखडता घेतला तो मालक ओळखीच्या मुलाला बसून पगार देतो, हे त्यांच्या मनातून जात नाही.

यावर उपाय म्हणजे नियम सर्वांना एकच ठेवावा आणि तो आधीच सांगून टाकावा. ‘साहेब, अवश्य पाठवा. मंगळवारी चार वाजता येऊ द्या. सगळ्यांना जी छोटी परीक्षा देतो ती त्यालाही देऊ. जमले तर आनंदच आहे, नाही जमले तर कशात कमी पडतो ते मी स्वतः त्याला समजावून सांगेन.’ बहुतेक लोकांना एवढे पुरते, कारण त्यांनाही घरी सांगायचे असते की आपण शब्द टाकला होता. परीक्षेनंतर नकार द्यायचा झाला तर शिफारस करणाऱ्याला मुलाच्या आधी फोन करू नये. आधी मुलाला सांगावे, मग त्यांना. आणि सांगताना मुलाची नालस्ती करू नये: ‘मुलगा सरळ आहे, पण मशीनचे काम त्याने अजून केलेले नाही. त्याच्या हाताला इजा झाली तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?’ हे कारण खरे आहे आणि ते कोणालाही नाकारता येत नाही. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेली माणसे प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत, आणि त्यांतली कितीतरी जणे नीट शिकवल्याविना मशीनवर उभी केली गेली होती.

आपल्याच कामगाराने आणलेल्या नातलगाबाबत अधिक जपावे. उस्तादाच्या पुतण्याला नाही म्हणताना उस्तादालाच परीक्षेच्या वेळी शेजारी उभे करावे. तो स्वतः पाहतो, आणि पुष्कळदा ‘शेठ, याला अजून वेळ लागेल’ असे तोच म्हणतो. मग मालकाला त्याचे मन राखण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

दयेपोटी नोकरी देण्याचा मोहही आवरावा. घरात आजारपण आहे, कर्ज आहे, हे ऐकून मदत करावीशी वाटणे चांगलेच आहे, पण ती मदत वेगळी करावी. न झेपणारे काम देऊन दोन महिन्यांनी काढून टाकणे हे त्या माणसाला पहिल्या दिवशीच्या नकारापेक्षा जड जाते.

रिकाम्या हाताने परत पाठवू नये

नाकारलेल्या उमेदवाराला पुढची एक तरी वाट सांगता आली पाहिजे, आणि त्यासाठी मालकाकडे थोडी माहिती लिहिलेली असावी. दहावीत अडकलेल्या मुलाला हे ठाऊक नसते की आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास पुरते. दोन वर्षांच्या टर्नर किंवा फिटरला दहावी लागते. ग्रामीण तरुणांसाठी बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत राहण्या-जेवणासह मोफत अल्पमुदतीचे कोर्स असतात. मराठवाड्यातल्या मुलाला छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूम या प्रशिक्षण संस्थेबद्दल सांगावे. राज्याच्या रोजगार नोंदणीच्या महास्वयम पोर्टलवर नाव कसे नोंदवायचे हे दाखवावे. शेजारच्या गाळ्यात हेल्परची जागा आहे हे माहीत असेल तर तिथल्या मालकाला फोन करून पाठवावे. आणि एक सावधगिरी प्रत्येकाला सांगावी: नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. अशा दलालांच्या हाती सर्वांत आधी हीच मुले लागतात.

आलेल्या उमेदवारांची एक वही ठेवावी. तारीख, नाव, फोन, परीक्षेत काय जमले, काय जमले नाही आणि कोणते उत्तर दिले, एवढे एका ओळीत लिहावे. सहा महिन्यांनी हेल्परची किंवा शिकाऊची जागा निघाली की पाटी लावण्याआधी ही वही उघडावी, कारण झिरो तपासायला विसरलेला पण बाकी सगळे नीट केलेला मुलगा तोवर कुठेतरी सराव करून तयार झालेला असू शकतो. बायोडाटा आणि आधारच्या झेरॉक्स मात्र साठवून ठेवू नयेत. ज्यांना घेतले नाही त्यांच्या प्रती त्यांच्याच हाती परत द्याव्यात किंवा फाडून टाकाव्यात. रद्दीत जाऊन त्या कोणाच्या हाती पडतील हे सांगता येत नाही.

जागा भरली की पाटी त्याच दिवशी उतरवावी आणि वॉचमनला तसे सांगावे. पाटीचा फोटो वसाहतीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला असेल तर तिथेही ‘जागा भरली आहे’ असे लिहावे, कारण तो फोटो पाहून पुढचे कितीतरी दिवस लांबच्या गावांतून मुले तिकीट काढून येत राहतात.